ओर्नाटा आणि क्रॅनवेली : नुसता रंगाचा फरक नाही

ओर्नाटा आणि क्रॅनवेली हे दक्षिण अमेरिकेतले दोन शिंगवाले बेडूक. क्रॅनवेली म्हणजे ओर्नाटाचाच थोडा मळकट रंगाचा प्रकार असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. १९८० पर्यंत दोघांची गल्लत व्हायची हे खरंय, त्याच वर्षी बारिओ या शास्त्रज्ञाने क्रॅनवेलीला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं. पण खरा फरक पेशीत आहे! क्रॅनवेलीत गुणसूत्रं २६, आपल्यासारखेच दोन संच, आणि ओर्नाटात चक्क १०४, म्हणजे आठ संच. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं फार कमी सापडतं, मला तर हे वाचल्यापासून हा बेडूक जास्तच आवडायला लागलाय.

राहायच्या जागाही वेगळ्या. ओर्नाटा अर्जेंटिनाच्या पाम्पास गवताळ भागातला, शिवाय उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील. क्रॅनवेली ग्रान चाको या दक्षिण अमेरिकेतल्या सखल प्रदेशातला, तिथे कोरडा काळ लांबलचक, मग तो जमिनीत गाडून घेतो, कातडीचे थर अंगावरच राहू देतो आणि त्याचा कोष बनतो, त्यामुळे अंगातलं पाणी टिकतं, पाऊस आला की बाहेर.

शिंगं म्हणजे डोळ्यांवरची कातडीची टोकं, क्रॅनवेलीत ती जरा जास्त उठून दिसतात. रंगावरून मात्र ओळखायला जाऊ नका, पाळीव क्रॅनवेली ओर्नाटासारखे हिरवे पण मिळतात आणि तिथेच सगळे फसतात.

आणि हो, ओर्नाटाची पिल्लं, म्हणजे टॅडपोल, धक्का लागला की पाण्याखाली आवाज काढतात. टॅडपोल!