मायकेल डेव्हिट यांची कारकीर्द यशस्वी म्हणावी का?

वाचनालय, साकोली तालुका
आमच्या गावच्या वाचनालयात आयर्लंडच्या कुळांच्या लढ्यावर चर्चा ठेवली आहे. लँड लीग या कुळांच्या संघटनेचे अध्यक्ष पार्नेल यांच्याविषयी बरेच वाचायला मिळते; परंतु 1879 मध्ये ती संघटना उभी करणारे मायकेल डेव्हिट ब्रिटिश संसदेत फारसे टिकलेले दिसत नाहीत. 1882 मध्ये ते तुरुंगात असताना निवडून आले आणि शिक्षा झालेले कैदी म्हणून अपात्र ठरले. 1892 ची निवड, धर्मगुरूंनी मतदारांवर दबाव आणल्याच्या कारणावरून रद्द झाली. त्या खटल्याच्या खर्चाने दिवाळे निघाल्यामुळे 1893 मध्ये मिळालेली जागाही गेली. अशा कारकिर्दीला यश म्हणावे का?

निवृत्त शिक्षक, लाखांदूर
निःसंशय म्हणावे. डेव्हिट चार वर्षांचे असताना, 1850 मध्ये, मेयो परगण्यातील त्यांच्या कुटुंबाला खंड थकल्यामुळे घराबाहेर काढण्यात आले. पुढे लँकशायरच्या कापूस गिरणीत, अकराव्या वर्षी, उजवा हात यंत्रात सापडला आणि तो कापावा लागला. कुळाचे दुःख त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पीक बुडाले, भाव पडले, तरी खंड तोच, अशा वेळी त्यांनी मेयोतील कुळांना एकत्र केले. रास्त खंड, जमिनीवरून न काढण्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक या तीन मागण्या 1881 च्या कायद्यात उतरल्या, त्या या संघटनेच्या दबावामुळेच. आपल्याकडे मालगुजारी, म्हणजे जमीनदारी पद्धत, 1951 मध्ये गेली, म्हणजे त्यानंतर सत्तर वर्षांनी.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा
गुरुजी, आपला आदर ठेवून एक गोष्ट मांडतो. जमीन साऱ्या राष्ट्राच्या मालकीची व्हावी, ही डेव्हिट यांची खरी मागणी होती आणि ती त्यांच्याच सहकाऱ्यांनी मान्य केली नाही. 1903 च्या कायद्याने कुळांना सरकारी कर्जातून जमीन विकत घेता आली, पण हप्ते साडेअडुसष्ट वर्षांचे; जमीनदारांना एवढी किंमत देण्यास डेव्हिट यांचा विरोध होता. कुळांना मात्र जमीन स्वतःच्या मालकीची हवी होती, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. आमच्या भागात मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून पीककर्जही त्याच्या नावाने मिळत नाही. ज्याने हे सोसले आहे, तो जमीन स्वतःच्याच नावावर मागेल.

वाचनालय, साकोली तालुका
दोघांचेही आभार. चर्चेत आता संसदेतील जागांपेक्षा मालकीच्या या मतभेदालाच अधिक वेळ देऊ. पुढे पुन्हा निवडून आलेल्या डेव्हिट यांनी 1899 मध्ये, ब्रिटनच्या दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या निषेधार्थ, स्वतःहून खासदारकी सोडली, तो प्रसंगही घेऊ.