डुफ्लोंच्या कामातून नेमके हाती काय लागले?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कोरडवाहू

२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडे चर्चा रंगली ती बॅनर्जींच्या मराठी आजोळाची. डुफ्लोंच्या वाट्याला 'त्यांच्या पत्नी' एवढाच उल्लेख आला. वयाच्या ४६ व्या वर्षी, म्हणजे या विषयात आजवर सर्वांत कमी वयात नोबेल मिळवणारी आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९) यांच्यानंतरची ही दुसरी महिला. त्यांच्या कामावर स्वतंत्र बोलायला हवे.

जन्म १९७२, पॅरिस. वडील गणितज्ञ, आई बालरोगतज्ज्ञ. इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकल्या, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून डॉक्टरेट. २००३ मध्ये बॅनर्जी आणि सेंधिल मुल्लईनाथन यांच्यासह तिथेच गरिबीवर प्रयोग करणारी संस्था काढली, तीच आजची जे-पाल. २०१० मध्ये अमेरिकेतल्या चाळिशीच्या आतल्या अर्थशास्त्रज्ञाला मिळणारे क्लार्क पदक.

चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, एका गटाला योजना द्यायची, दुसऱ्याला नाही आणि फरक मोजायचा, या पद्धतीसाठी त्या ओळखल्या जातात. माझे म्हणणे वेगळे आहे. योजना कागदावरून गावात उतरताना नेमकी कुठे अडते, हा प्रश्न त्यांनी अर्थशास्त्रात मानाचा केला. पद्धत त्यापुढे दुय्यम.

उदयपूर जिल्ह्यातले लसीकरण घ्या. १३४ गावे. ३० गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर. आणखी ३० गावांत तेच शिबिर, शिवाय प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की ताटांचा संच. उरलेल्या ७४ गावांत जसे चालले होते तसे. पूर्ण लसीकरण झालेली मुले: काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळ दिलेल्या गावांत ३९. खर्चाचा आकडा तर बहुतेकांच्या अंदाजाच्या उलटा निघाला. पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या शिबिरात सुमारे २,२०० रुपये लागले, डाळीसह सुमारे १,१००. कारण नर्सचा पगार आणि प्रवासखर्च मुले तीन आली तरी तेवढाच आणि बारा आली तरी तेवढाच. डाळीमुळे शिबिरात मुले वाढली आणि दरडोई खर्च निम्म्यावर आला.

तळटीप

आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी असहमत.

डाळ देऊनही ६१ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले नाही, हे त्याच तक्त्यात आहे. आणि हा निकाल त्या जिल्ह्याचा, त्या संस्थेचा, त्या वर्षांचा. पुढे हरियाणात डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी फार मोठ्या प्रमाणावर लसीकरणाचाच प्रयोग केला. तिथे बक्षीस डाळीऐवजी मोबाइल रिचार्जचे होते, सोबत एसएमएसने आठवण आणि गावात बातमी पसरवणाऱ्या माणसांची मदत. तिन्ही एकत्र केल्यावर लसीकरण सर्वांत जास्त वाढले, पण पैशाच्या हिशेबात सरस ठरली ती बक्षीस वगळून केलेली जोडणी: गावात ज्याच्या तोंडून बातमी फिरते असा माणूस आणि एसएमएस. म्हणजे उदयपूरचा धडा जसाच्या तसा उचलून चालले नसते.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डेटन (नोबेल २०१५) आणि तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांचा आक्षेप हाच आहे. प्रयोगाने 'इथे चालले' एवढे कळते. 'तिथे चालेल' म्हणायला का चालले हे माहीत असावे लागते आणि ते चिठ्ठ्यांतून मिळत नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ लँट प्रिचेट यांचा. गरिबी मोठ्या प्रमाणावर हटली ती चीन, व्हिएतनामसारख्या देशांत, आर्थिक वाढीच्या जोरावर. त्यात डाळीच्या पाकिटाचा वाटा किती? एका पिढीतले हुशार संशोधक जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रयोगांत गुंतले, याचीही किंमत मोजायला हवी.

सांख्यिक

वाढीचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे. वाढ कशाने होते याची खात्रीशीर कृती कोणाकडेच नाही, आणि ती सापडेपर्यंत लसीकरण थांबवता येत नाही.

पण डुफ्लोंच्या प्रयोगांचे निकाल वाचताना एक चूक सर्रास होते. हैदराबादचा सूक्ष्मकर्जाचा, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचा, अभ्यास घ्या. १०४ वस्त्या, त्यातल्या ५२ मध्ये स्पंदना या संस्थेची शाखा आधी उघडली. सहा ते दहा बायकांचा गट, पहिले कर्ज साधारण १०,००० रुपये, फेड ५० आठवड्यांत. निकाल: घरखर्च वाढला नाही, बायकांच्या निर्णयाधिकारात फरक नाही. लगेच मथळे आले, 'सूक्ष्मकर्ज निरुपयोगी'.

आता आत बघा. १५ ते १८ महिन्यांनी शाखा असलेल्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज घेतलेली घरे सुमारे २७ टक्के, नसलेल्या वस्त्यांत १८. दुसऱ्या संस्था तिथेही पोचल्याच होत्या. म्हणजे दोन गटांतला खरा फरक जेमतेम ९ टक्के घरांचा. तुलना मात्र सगळ्या घरांच्या सरासरीची. कर्ज घेतलेल्या घराचा महिन्याचा खर्च समजा १,००० रुपयांनी वाढला, तर वस्तीच्या सरासरीत दिसणार ९० रुपये, आणि खर्चाच्या सर्वेक्षणातल्या चढउतारात ९० रुपये सहज हरवतात. योजनेने घरांमध्ये पाडलेला फरक दहावा हिस्सा असेल, तर तोच परिणाम तितक्याच खात्रीने पकडायला नमुना दहापट नव्हे, शंभरपट लागतो.

म्हणून या अभ्यासातून 'कर्जाने कोणाचेच भले होत नाही' असे निघत नाही. 'गरिबी हटवणारे चमत्कारी साधन' हा दावा मात्र पडतो, आणि त्या काळी तोच दावा जोरात होता.

अशीच गफलत शाळांच्या प्रयोगांत. १०० शाळा, प्रत्येकी ४० मुले, म्हणून नमुना ४,००० असे समजतात. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी अगदी सारखी) ०.२ धरले, तर नमुना किती पटीने फुगलेला दिसतो ते असे: १ + ३९ × ०.२ = ८.८. चार हजारांना ८.८ ने भागा. हाती उरतात ४५५ स्वतंत्र मुलांइतकी माहिती. शाळांची संख्या वाढवल्याशिवाय मुले वाढवून उपयोग नसतो, आणि बजेट कापताना आधी शाळाच कापल्या जातात.

अर्धविराम

कोरडवाहू, तुमचा अंमलबजावणीचा मुद्दा मान्य, पण उदयपूरचीच दुसरी बाजू सांगितली नाहीत.

तिथे आणखी दोन प्रयोग झाले. पहिला सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत. शिक्षकाला तारीख-वेळ उमटणारा, छेडछाड करता न येणारा कॅमेरा दिला. शाळा सुरू होताना आणि सुटताना एका मुलाने शिक्षकाचा आणि वर्गाचा फोटो काढायचा. दोन फोटोंत किमान पाच तासांचे अंतर आणि दोन्हींत किमान आठ मुले, तरच दिवस धरायचा. महिन्यात दहा दिवसांपर्यंत ५०० रुपये, पुढे दर दिवसाला ५० रुपये जास्त. इतर शाळांत सरसकट १,०००. तिथे शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ वर आली आणि मुलांचे गुणही वाढले.

दुसरा सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सचा. तीच संस्था, तोच जिल्हा, तीच कल्पना. वेळेचा शिक्का मारणारे यंत्र दिले, गैरहजेरीवर पगारकपात ठरली. पहिले काही महिने हजेरी झपाट्याने वाढली. सोळा महिन्यांनी फरक शून्य. यंत्रे चालत होती, नोंदीही होत होत्या. पण आरोग्य यंत्रणेतल्या वरिष्ठांनी 'सूट दिलेले दिवस' वाढवत नेले. बैठक, सर्वेक्षण, दुसरे काम, काहीही कारण. नोंदवहीत गैरहजेरी कमी, सूट जास्त, आणि उपकेंद्राला कुलूप तसेच.

पहिल्या प्रयोगात पगार देणारा आणि हजेरी मोजणारा एकच होता, आणि हजेरी वाढावी असे त्याला वाटत होते. दुसऱ्यात मोजणारी संस्था एक, सूट मंजूर करणारे खाते दुसरे. हा सत्तेचा प्रश्न आहे आणि डुफ्लोंच्या चौकटीत तो बाहेरची अडचण म्हणून येतो. २०१७ च्या व्याख्यानात त्यांनी अर्थशास्त्रज्ञाला प्लंबर म्हटले होते. पाणी कोणाकडे वळवायचे हे वरचा ठरवत असेल, तर सांधे घट्ट करून काय होणार?

कोरडवाहू

नर्सचा प्रयोग फसला हे तुम्हाला कळले कुठून? त्यांनी स्वतः छापले म्हणून. सूट दिलेल्या दिवसांचा तक्ता त्याच लेखात आहे. सरकारी अहवालात ही योजना 'यंत्रे बसवली, कार्यवाही पूर्ण' म्हणून संपली असती. खाते आतून योजना कशी पोखरते, याचा महिनावार पुरावा कोणत्या राजकीय विश्लेषणाने दिला आहे?

मुळाक्षर

शिक्षणाकडे कोणीच वळले नाही, आणि माझ्या मते सर्वांत भरीव काम तिथेच आहे. एका निकालावर न थांबता त्या पंधरा वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे राहिल्या.

सुरुवात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत, 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमापासून. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वाचन, अंकओळख ती जिथे अडली आहेत तिथून सुरू करायची. दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाची (मुलांमुलांच्या गुणांतल्या नेहमीच्या चढउताराच्या मापाची) वाढ दिसली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातली थोडीच टिकली, हेही सांगितले पाहिजे.

मग हे सरकारी शिक्षकांकडून होईल का? बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळ्यात महिनाभराचे शिबिर घेतले, मुले पुढे गेली. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य दिले, परिणाम शून्य. शिकवायचे कसे हे शिक्षकाला येत होते, हे उन्हाळ्याने दाखवले. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक 'पूर्ण' करायचे असते आणि पातळीनुसार गट करायला दिवसात जागाच उरत नाही.

म्हणून हरियाणात (२०१२-१३) वेळापत्रकात एक तास वेगळा काढला. त्या तासात इयत्ता मोडून मुले वाचनपातळीनुसार बसवली आणि देखरेख करणाऱ्यांना आधी स्वतः वर्गात शिकवायला लावले. हिंदीचे गुण ०.१५ प्रमाण विचलनाने वाढले, गणितात फरक नाही. उत्तर प्रदेशात शाळेचे तंत्रच ढिले होते, म्हणून 'प्रथम'च्या माणसांनी दहा किंवा वीस दिवसांच्या टप्प्यांत एकूण ५० दिवसांची शिबिरे शाळेतच घेतली. तिथली वाढ ०.६ ते ०.७. या क्षेत्रात असा आकडा क्वचित दिसतो.

तळटीप म्हणतात की का चालले ते प्रयोगातून कळत नाही. एका प्रयोगातून नाही कळत. बिहारचा उन्हाळा आणि बिहारचे शालेय वर्ष शेजारी ठेवले की कळते.

तळटीप

हे उदाहरण चांगले आहे, मानतो. पण उत्तर प्रदेशातला मोठा आकडा संस्थेच्या माणसांचा आहे, हरियाणातला लहान आकडा सरकारी शिक्षकांचा. ही दरी नेहमीची. केनियात कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा स्वयंसेवी संस्थेने राबवला तिथे गुण वाढले आणि सरकारने राबवला तिथे काहीच नाही. कंत्राट तेच, कामही तेच. देश चालवायचा तर सरकारकडूनच, आणि नेमके तिथेच निकाल विरघळतात.

नदीकाठ

सगळेच प्रयोगांवर बोलत आहेत म्हणून एक आठवण. डुफ्लोंची दोन उत्तम कामे त्यांनी चिठ्ठ्या न टाकता केलेली आहेत.

एक, प्रबंधातले. इंडोनेशियाने तेलाच्या पैशातून १९७३ नंतर काही वर्षांत ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की सरासरी शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढले आणि पुढे मजुरी १.५ ते २.७ टक्क्यांनी. तुलना होती शाळा आल्या तेव्हा लहान असलेल्यांची आणि वय उलटून गेलेल्यांची, जास्त शाळा मिळालेल्या आणि कमी मिळालेल्या जिल्ह्यांत.

दोन, रघबेंद्र चट्टोपाध्याय यांच्यासोबतचे ग्रामपंचायतीच्या आरक्षणाचे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश सरपंचपदे फिरत्या क्रमाने महिलांना गेली. फेरा कोणत्या गावावर येणार हे गावाच्या हातात नव्हते, म्हणून तुलना खरी ठरली. पश्चिम बंगालमधले बीरभूम आणि उदयपूर दोन्हीकडे महिला सरपंच असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले. रस्त्यांवर बीरभूममध्ये जास्त, उदयपूरमध्ये कमी, आणि दोन्हीकडच्या बायकांच्या तक्रारींशी ते जुळते. 'सही तिची, कारभार नवऱ्याचा' एवढेच खरे असते तर हा फरक पडला नसता. अर्धविराम, सत्तेचा प्रश्न चौकटीबाहेर आहे म्हणता, तर हे काम कुठे बसवाल?

अर्धविराम

ते काम मी वरच्या रांगेत ठेवतो. पण तिथे सत्ता बदलली ती घटनादुरुस्तीने, संशोधकांनी परिणाम मोजला.

नदीकाठ

मग गुजरातचे प्रदूषण लेखापरीक्षण बघा. कारखाना स्वतःच लेखापरीक्षक निवडायचा आणि त्याचे पैसे द्यायचा. अहवालातले धुराचे आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने उभे असायचे. प्रयोगात परीक्षक चिठ्ठीने नेमला, पैसे सामायिक निधीतून ठरल्या दराने दिले आणि काही मापे दुसऱ्या पथकाकडून पुन्हा घेतली. परीक्षक खरे लिहू लागले आणि कारखान्यांनी प्रदूषण कमी केले. पुढे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने चिठ्ठीने नेमणुकीचा नियम केला. पैसे कोण देतो, हेच बदलले. तुम्ही म्हणता ती सत्ता हीच ना?

अर्धविराम

हीच. पण तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्वतः प्रयोगात भागीदार होते, त्याला खरे आकडे हवे होते. उदयपूरच्या आरोग्य खात्याला नको होते. माझी मागणी एवढीच, की प्रयोगाच्या आराखड्यात नमुन्याच्या आकाराशेजारी हेही लिहावे: निकाल लागू झाला तर कोणाचे नुकसान होते आणि तो थांबवू शकतो का. नर्सच्या यंत्रावर पैसे घालण्याआधी सूट कोण मंजूर करतो हे विचारता आले असते.

सांख्यिक

विचारता आले असते. सूट किती टक्क्यांवर गेली की प्रयोग थांबवायचा, हेही आधीच ठरवून नोंदवता येते.