'रेन चेक' म्हणजे नक्की काय? मी तर छत्री घेऊन निघालो होतो

सिडकोकर:
मंडळी, बावळट प्रश्न आहे पण विचारतोच. मी अंबडला एका कंपनीत, आमचा अमेरिकेचा कस्टमर ऑडिटला आलाय. शनिवारी त्याला मेसेज टाकला की उद्या सकाळी मिसळ खायला चल, तर उत्तर आलं 'कॅन आय टेक अ रेन चेक?' आता जुलै महिना, बाहेर रिपरिप चालूच, मला वाटलं पावसाचा अंदाज बघून सांगतो म्हणतोय, म्हणून मी लगेच कळवलं काळजी नको, गाडी आणतो, छत्री पण आहे. त्यावर नुसता हसरा इमोजी. साहेब म्हणतात अरे तो नाही म्हणाला. खरंच का? मग यात पाऊस कुठून आला?

गोदाकाठ:
छत्री पण आहे!! मेलो हसून.
अरे ते बेसबॉलमधलं आहे. तिकडे १८८०च्या दशकात पावसाने मॅच धुतली की प्रेक्षकाकडे तिकिटाचा तुकडा राहायचा, तो दाखवून नंतरची मॅच बघायची, परत पैसे नाही. ते रेन चेक. यातला चेक म्हणजे तपासणं नाही आणि बँकेचा पण नाही, देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना, त्या जातीचा. पुढे दुकानांत पण आलं, सेलमधला माल संपला तर चिठ्ठी देतात, माल आला की त्याच भावात घेऊन जा. म्हणजे आज जमत नाही पण आमंत्रण जिवंत ठेव. आपण म्हणतोच की, मिसळ उधार राहिली.

द्राक्षबाग:
अर्थ बरोबर, पण इतकं भोळं राहू नका. मी रोज रात्री त्या लोकांबरोबर कॉलवर असतो, बरेचदा ते आपल्या 'येऊ की कधीतरी' सारखंच असतं. पुढचा वार स्वतःहून सांगितला तर खरं, नाहीतर सोडून द्या. आणि ज्याला बोलावलंय तो रेन चेक 'टेक' करतो, बोलावणारा नाही, आमच्या टीममध्ये एकाने स्वतःच पार्टी ठरवून स्वतःच रेन चेक घेतला होता. लग्नपत्रिकेला उत्तर म्हणून तर चुकूनही लिहू नका, लग्न काय परत लागणारे का तुमच्यासाठी?

पंचवटीकर:
आमचा क्लायंट इंग्लंडचा, त्याला कळतं पण तो स्वतः म्हणत नाही, अमेरिकन आहे म्हणतो ते.

सिडकोकर:
अपडेट. आज लंचला त्यानेच विचारलं, ती छत्रीवाली मिसळ कधी? गुरुवारी सकाळी गंगापूर रोडला नेतोय. तिखट झेपेल का त्याला?

गोदाकाठ:
रस्सा वेगळा वाटीत मागव. दही सांग. पापड विसरू नको.