मदत हवी आहे: नक्कल केलेले संकेतस्थळ आयकॅनकडून बंद करून घेता येईल का?

जुनेपान: आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळाची कोणीतरी दुसऱ्या पत्त्यावर हुबेहूब नक्कल केली आहे, आमच्या सूचीत चुकून ऱ्हस्व राहिलेला ‘दुर्मिळ’ हा शब्दही तिथे तसाच आहे. पत्ता नोंदवून देणाऱ्या कंपनीने ‘मजकुराशी आमचा संबंध नाही’ असे कळवले. संकेतस्थळांच्या नावांचा जागतिक समन्वय पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे आजच तक्रार करायची आहे. कोणत्या कलमाचा आधार घेऊ?

सातपुडा: पत्ता .कॉम आहे की .इन, हे तुम्ही लिहिलेले नाही. .इनचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते, तिथे आयकॅनचे करार लागू होत नाहीत. .कॉम असला तरी केवळ मजकूर चोरला म्हणून आयकॅन हस्तक्षेप करणार नाही, कारण आयकॅनने नावे आणि क्रमांकांच्या समन्वयापुरते राहावे, संकेतस्थळांवरील मजकुराचे नियमन करू नये, असे बंधन तिच्याच उपविधींच्या कलम १.१ मध्ये आहे.

माजघर: मला हे बंधनच पटत नाही. कंपन्यांशी करार आयकॅन करते, मग चोरीकडे डोळेझाक का करावी?

सातपुडा: माजघर, मजकूर पाहून नावे काढण्याचा अधिकार एकदा दिला, की एखाद्या सरकारला नकोशा झालेल्या वर्तमानपत्राचे नावही त्याच अधिकाराने काढून मागितले जाईल. युक्रेनवर हल्ला झालेला असतानाही रशियाचे .आरयू रद्द करण्याची युक्रेनची विनंती आयकॅनने मार्च २०२२ मध्ये याच मर्यादेत राहून नाकारली.

ओसरी: मी तुमच्या जागी असते, तर .भारतमधले देवनागरी नाव घेतले असते.

जुनेपान: ओसरीताई, नवे नाव नको आहे. पत्ता .कॉम आहे. तिथे वर्गणीच्या अर्जात कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी मागतात, आणि आमच्या दोन सभासदांनी तो भरलाही.

सातपुडा: हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! सभासदांना आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करायला सांगा. हे फिशिंग आहे, म्हणजे बनावट पानावरून लोकांची गुप्त माहिती काढून घेणे, आणि आयकॅनच्या नोंदणी कंपन्यांशी असलेल्या करारात ५ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, कारवाईयोग्य पुरावा मिळाल्यावर नोंदणी कंपनीला तो प्रकार थांबवण्यासाठी तत्परतेने पावले उचलावीच लागतात. पुरावा त्यांच्या गैरवापर-तक्रारीच्या पत्त्यावर पाठवा; त्यांनी टाळाटाळ केली, तर आयकॅनच्या करारपालन विभागाकडे जा.

माजघर: म्हणजे शेवटी पान पाहूनच ठरवणार ना?

सातपुडा: पान पाहावे लागते, हे खरे, पण त्या नावाच्या आडून लोकांना फसवले जाते का, एवढेच तपासायचे असते. सूची मुळात कोणाची, हा निवाडा आयकॅनचा नव्हे.

जुनेपान: तक्रारीतून सूचीचा परिच्छेद काढला. अर्जाच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सभासदांना आलेले संदेश जोडून कंपनीला आताच पाठवतो.