मदत हवी आहे: एकच पुस्तक, तीन विभाग, तीन वेगळे नंबर

तिसरा_मजला (सोमवार, रात्री ११.१०)
घाईत लिहितेय. आमच्या विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे तीन विभागांची पुस्तकं आली आहेत. समाजशास्त्र, स्त्री अभ्यास आणि कृषी अर्थशास्त्र. ऊसतोड बायकांवरचं एकच पुस्तक एकाने ३०५.४ या विषय-क्रमांकाला लावलंय, दुसऱ्याने ३३१.४ ला, तिसऱ्याने चक्क ६३३.६१ ला. अशी शेकड्यांनी आहेत. बरोबर नंबर कोणता आणि सगळे एकावर पटकन कसे आणायचे? जर्नल्सचं रडगाणं वेगळंच. गुरुवारच्या आत हवं. प्लीज "नियम वाचा" म्हणू नका, वाचलेत.

कोहाकर
सॉफ्टवेअर कुठलं? सोल, कोहा, ई-ग्रंथालय की अजून एक्सेलच? प्रती किती? आणि गुरुवारी काय आहे?

निवृत्त_ग्रंथपाल
ताई, ६३३.६१ म्हणजे ऊस लावायचा कसा, खत किती, पाणी कधी. कुणाला शीर्षकात 'ऊस' दिसला आणि त्याने नंबर डकवला. ड्यूईमध्ये, म्हणजे विषयांना नंबर देऊन पुस्तकं लावायच्या या पद्धतीत, नुसता विषय पाहून भागत नाही, तो कुठल्या विद्याशाखेतून मांडलाय ते आधी पाहायचं. पुस्तकात बेणं आणि सरी असेल तर ६३३.६१. उचल, कोयता, मुकादम असेल तर ३३१.४, म्हणजे कामकरी स्त्रिया. बायकांचं समाजातलं स्थान हा गाभा असेल तर ३०५.४.
दोन विषय असले तर ज्याला जास्त पानं दिलीत तो घ्या. दोन्ही सारखे असतील तर तक्त्यात जो आधी येतो तो. एकाच वर्गाचे तीन किंवा जास्त पोटविषय असतील तर त्यांना पोटात घेणारा वरचा वर्ग. आणि एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम दाखवला असेल तर जिच्यावर परिणाम झाला तिचा नंबर. शीर्षकावर जाऊ नका. अनुक्रमणिका आणि प्रस्तावना, दहा मिनिटं लागतात.

पंचमुखी
म्हणूनच रंगनाथन यांची द्विबिंदू (कोलन) पद्धती! ड्यूईने १८७६ साली ज्ञानाचे दहा डबे केले, आता जे आलं ते त्यातच कोंबा. धर्माच्या २०० मध्ये २२० ते २८० सगळं ख्रिस्ती आणि अख्खा हिंदू धर्म २९४.५ मध्ये. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनच्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला आणि त्यांना सुचलं की विषयाचेही सुटे भाग करून हवे तसे जोडता येतील. १९३३ ची पद्धत आहे ही. मजूर, स्त्री, ऊस, महाराष्ट्र, काळ, सगळं एका नंबरात बसतं.

निवृत्त_ग्रंथपाल
नंबरात बसतं हो. पुस्तकाच्या पाठीवर बसतं का? आमच्याकडे कोलनचे नंबर तीन ओळींत मोडून लिहायचो, आणि शिपाई दुसरी ओळ वाचून पुस्तक भलत्या फळीवर ठेवायचा.

पंचमुखी
दोष शिपायाचा. पद्धतीला का बोल लावता?

नवकवी_७७
आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मोफत मिळतो. दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, तिच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. मी कवितासंग्रहासाठी घेतला. प्रकाशक पैसे मागत असेल तर देऊ नका.

कोहाकर
@नवकवी, हे कुणी विचारलं होतं? पण आयएसबीएनवरून आठवलं, त्यावरून दुबार नोंदी लगेच सापडतात. अर्थात ही पद्धत १९७० च्या आसपासची, जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. @तिसरा_मजला, माझ्या प्रश्नांचं काय झालं?

तिसरा_मजला (मंगळवार, सकाळी ९.४०)
सॉरी, झोपले होते. कोहा आहे. विभागांच्या एक्सेल फायली एका एजन्सीने त्यात ओतून दिल्या. नोंदी साधारण अकराशे. गुरुवारी विद्यापीठाला श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम येतेय आणि त्यांना "एकत्रित सूची" दाखवायची आहे. अजून एक, मराठी शीर्षक शोधलं की एकही निकाल येत नाही. बाराशे नवे स्टिकर छापायला टाकू का?

कोहाकर
थांबा, थांबा. स्टिकर कशाला? पुस्तकं प्रत्यक्ष तुमच्या इमारतीत आली आहेत का?

तिसरा_मजला
नाही हो, ती विभागांतल्याच कपाटांत राहणार. इथे फक्त सूची एक करायची आहे. लिहिलं होतं ना?

निवृत्त_ग्रंथपाल
"पुस्तकं आली आहेत" असं लिहिलं होतं ताई! मी रात्री बारापर्यंत नंबर सांगत बसलो.

कोहाकर
मग नव्वद टक्के काम वाचलं. नोंद आणि प्रत या कोहात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाची नोंद एकच, तिच्याखाली तीन प्रती. प्रत्येक प्रतीचा कॉल नंबर (फळीवरचा नंबर), बारकोड, जागा नोंदीच्या ९५२ या रकान्यात वेगवेगळी राहते. म्हणजे समाजशास्त्राची प्रत ३०५.४ वर राहिली तरी बिघडत नाही, तिच्या कपाटावर तो स्टिकर आहेच. कॅटलॉगिंग सर्चमध्ये त्या तीन नोंदींवर खूण करून 'मर्ज' करा. कुठली ठेवायची ते विचारेल, सर्वांत भरलेली ठेवा, बाकीच्यांच्या प्रती आपोआप तिच्याखाली येतात. आधी बॅकअप घ्या, मर्ज मागे फिरवता येत नाही. आवृत्ती आणि पानं जुळतात का पाहा. दुसरी आवृत्ती म्हणजे दुसरी नोंद.
मग ६५० या रकान्यात विषय भरा. स्त्री कामगार, स्थलांतरित मजूर, ऊसतोडणी. हवे तितके.

निवृत्त_ग्रंथपाल
हे नवं नाही. कार्डाच्या काळात हेच करायचो. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, खाली भोक, त्यातून ड्रॉवरची सळई. मुख्य कार्ड लेखकाचं आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात बाकीच्या कार्डांची यादी: हा विषय, तो विषय, सहलेखक, माला. पुस्तक फळीवर एकाच जागी, पण ड्रॉवरमध्ये सहा ठिकाणी. सळई काढताना एकदा अख्खा 'क' सांडला होता माझ्या हातून. दीड दिवस जमिनीवर बसून लावला.

शोधार्थी_पुणे
वापरणाऱ्यांच्या बाजूनेही कुणी बोला. मला आरती प्रभूंच्या कविता एका ड्रॉवरमध्ये मिळतात आणि खानोलकरांच्या कादंबऱ्या दुसऱ्यात. माणूस एकच ना?

पंचमुखी
कविता एका नावाने आणि गद्य दुसऱ्या नावाने लिहिलं तर दोन शीर्षं ठेवायला एएसीआर-२ हे सूचीकरणाचं नियमपुस्तक परवानगी देतं. फक्त एकावरून दुसऱ्याकडे 'हेही पाहा' हवं.

शोधार्थी_पुणे
तेच तर नसतं.

तिसरा_मजला
विषय भरकटतोय. मराठी शोधाचं काय?

कोहाकर
शीर्षक स्क्रीनवर देवनागरीत दिसतं की चिन्हांची भेळ?

तिसरा_मजला
दोन्ही. स्त्री अभ्यासचं नीट दिसतं, पण सापडत नाही. समाजशास्त्राचं डॉलर, टक्के, उलटं प्रश्नचिन्ह असं काहीतरी.

कोहाकर
मग रोग दोन. भेळ दिसतेय ती जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली एक्सेल आहे, युनिकोड नाही. एजन्सीने बघितलंच नाही. मूळ फाईल कन्व्हर्टरमधून काढा, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, 'कार्य'चं 'कायर्' होतं. नीट दिसतंय आणि सापडत नाही त्याचं कारण बहुधा झेब्रा, म्हणजे कोहाचं शोधयंत्र. मूळ सेटिंग 'सीएचआर' असतं, देवनागरीला 'आयसीयू' लागतं. ते बदलून पूर्ण रीइंडेक्स करायला सर्व्हरवाल्याला सांगा. रात्री लावा.

लांबून_वाचतो
एवढं कशाला? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद झेड ३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयातून नोंदी आणायच्या प्रोटोकॉलने) ओढून घ्या. पाच सेकंद.

कोहाकर
मराठीच्या बऱ्याच नोंदी तिथे रोमन लिपीत आहेत, अक्षरांवर रेघा-ठिपके लावून. शोधणारा 'स्त्री' टाकणार की ते ठिपके टाकणार?

तिसरा_मजला (बुधवार, सायंकाळी ६.०५)
जर्नल्स राहिली. एका त्रैमासिकाचं नाव मध्येच बदललं. जुन्या नावाचे आणि नव्या नावाचे अंक एकाच खंडात बांधलेत, आणि एकाच नावाखाली नोंद आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
खंड फोडू नका! नोंदी दोन करा. जुन्या नावाच्या नोंदीत ७८५ मध्ये नवं नाव, नव्यात ७८० मध्ये जुनं. नाव ठळकपणे बदललं असेल तर आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) पण वेगळा असतो, तो ०२२ मध्ये. बांधलेला खंड एकीखाली लावा, दुसरीत टीप द्या. विभागात कार्डेक्स (आलेल्या अंकांची नोंद ठेवायची कार्डं) असेल तर रद्दीत देऊ नका. कुठला अंक आलाच नाही हे फक्त त्यातच कळतं.

तिसरा_मजला (गुरुवार, पहाटे १.२०)
दोनशे चाळीस नोंदी मर्ज झाल्या. 'स्त्री' टाकलं की निकाल येतायत!! ऊसतोडवाल्या पुस्तकाची एक नोंद, तीन प्रती. कृषी अर्थशास्त्राच्या सरांना म्हटलं, निदान तुमच्या प्रतीचा ६३३.६१ तरी बदलू. नाही म्हणाले. त्यांच्या कपाटावर 'ऊस' अशी पाटी आहे आणि ती रंगवून घेतलेली आहे.

नवकवी_७७
धागा वर आलाच आहे तर विचारतो. लाकडी कपाटाला वाळवी लागली आहे, आत कवितासंग्रहाच्या साडेतीनशे प्रती. काही औषध?