मॉब आणि मोबाइल: नातं आहे, पण सख्खं नाही

'मॉब' (बेफाम जमाव) हा इंग्रजी शब्द 'मोबाइल'वरून आला का, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. फोनशी त्याचा काही संबंध नाही, पण दोघांचं मूळ एकच.

लॅटिनमध्ये 'मोबिले व्हल्गस' असा शब्दप्रयोग होता, म्हणजे चंचल, आज इकडे तर उद्या तिकडे झुकणारी सामान्य जनता. १७व्या शतकात इंग्रजीत त्याचं आधी नुसतं 'मोबिले' झालं आणि शतकाच्या शेवटाकडे आणखी कापून 'मॉब'. गंमत म्हणजे 'लोक' या अर्थाचा 'व्हल्गस' गळून पडला, उरलं ते विशेषण, तेही अर्धवट. त्यामुळे या शब्दात तुच्छता जन्मापासूनच आहे. वरच्या वर्गाने खालच्यांना ठेवलेलं नावच ते.

'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याला शब्दांची असली काटछाट अजिबात खपत नसे. १७१० साली 'टॅटलर' या इंग्रजी नियतकालिकातल्या लेखात त्याने 'मॉब'चा प्रसार रोखायचा आपण वर्षानुवर्षं प्रयत्न केल्याचं लिहिलंय. शब्द त्याला पुरून उरला! (आज 'व्हॉट्सॲप मराठी'वर चिडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

गर्दीसाठीच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचं, 'क्राउड'चं, कूळ वेगळं. जुन्या इंग्रजीत ढकलणं, दाबणं या अर्थाचं क्रियापद होतं, त्यावरून तो आला. तिथे माणसांच्या स्वभावावर शेरा नाही, नुसती रेटारेटी.

आणि 'मॉब' सगळीकडे शिवीच असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या कळपाला मॉब म्हणतात, तर तिथले आदिवासी आपल्या गणगोताला आपुलकीने 'माय मॉब' म्हणतात.