पहिल्या वर्षाचं गणित: कोण अडकणार हे आधीच कसं ओळखायचं?

दांडियाबझार_रविवारवर्ग:
बडोद्यात बीएस्सी आणि बीईच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दर रविवारी गणिताचा मोफत वर्ग घेतो. यंदा नावं आली 40, जागा 15. ज्यांना खरी गरज आहे त्यांनाच घ्यायचंय. हाताशी फक्त बारावीचे गुण आणि गुजसेटचा (गुजरातच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर. एवढ्यावर यादी लावावी का? निम्मी मुलं गुजराती माध्यमातली आहेत, ते धरायचं का?

कंसातला_वजा:
स्कोअरवर यादी लावू नका. गुजसेट सगळी पर्यायांची आणि बोर्डाच्या पेपरातही ओएमआरचा (गोल रंगवायच्या पर्यायी प्रश्नांचा) मोठा वाटा. पर्याय घालून बघून उत्तर जुळवता येतं, कॉलेजात मात्र पायऱ्यांना गुण. त्यापेक्षा अर्ध्या तासाची लेखी चाचणी घ्या. 12 उदाहरणं, कॅल्क्युलेटर बंद: अपूर्णांकांची वजाबाकी, घातांक, लॉग, असमानता, आलेख वाचणं. कॅल्क्युलसचं एकच, 1/क्ष चं विकलन (डेरिव्हेटिव्ह) व्याख्येवरून.

त्या एकात बरंच कळतं. 1/(क्ष+ह) − 1/क्ष चे छेद समान केले की अंशात क्ष − (क्ष+ह) येतं, म्हणजे −ह. पुष्कळ जण कंस गाळून क्ष − क्ष + ह लिहितात आणि उत्तर येतं +1/क्ष². व्याख्या पाठ, लिमिट बरोबर, चूक आठवीतली! क्ष वाढला की 1/क्ष घटतो, मग उतार धन कसा, हे ज्याला स्वतःहून खटकतं तो तरून जाईल. एकदा चिन्ह चुकलं तर हात घसरला म्हणा. तीच चूक तीन उदाहरणांत दिसली तर नाव यादीत.

जुनी_उत्तरपत्रिका:
चाचणी घ्याच, पण सगळा भार तिच्यावर नको. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेशाच्या वेळच्या चाचणीवरून मुलांना रेमेडियल, म्हणजे मागची उजळणी करून घेणाऱ्या गणिताला बसवत. 2012 साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की हायस्कूलचा जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) त्या चाचणीपेक्षा चांगला अंदाज देतो. चाचणी एका बैठकीची, जीपीए काही वर्षांचा. वेळेवर काम देणं, आजारपणानंतर मागचं भरून काढणं, हे सगळं त्यात उतरतं.

आपली बोर्डाची टक्केवारी म्हणजे तो जीपीए नव्हे, तीही तीन तासांचीच. म्हणून अकरावीच्या सगळ्या चाचण्यांचे गुण मागवा. चढउतार फार असतील तर सरासरीवर जाऊ नका. आत्ता 10 जागा भरा, 5 रिकाम्या ठेवा. चार आठवड्यांची हजेरी आणि पहिल्या इंटर्नलचा पेपर हाती आला की त्या भरा. इंटर्नलचे नुसते गुण नाही, उत्तरपत्रिका बघा. कोरं सोडलेलं आणि चुकीचं सोडवलेलं ही दोन वेगळी दुखणी.

विधेय_म्हणजे_फंक्शन:
माध्यम धरा, पण कच्चेपणाची खूण म्हणून नको. या मुलांना विधेय (फंक्शन), लक्ष (लिमिट), विकलन, संकलन (इंटिग्रेशन) सगळं येतं. अडतं ते इंग्रजी पेपरातल्या ‘शो दॅट’ आणि ‘हेन्स’ला. चुकलेलं उदाहरण गुजरातीत पुन्हा द्या. सुटलं तर वर्ग नको, दोन पानांची शब्दसूची पुरे.

दांडियाबझार_रविवारवर्ग:
पटलं. निवडलेल्यांना मग पहिल्यापासून बीजगणित शिकवायचं का?

कंसातला_वजा:
नाही हो, कंटाळून दुसऱ्या रविवारी गायब होतील. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या अखेरीस गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइझमन यांनी मागे पडणाऱ्या मुलांचे गट केले आणि उजळणीऐवजी नेहमीपेक्षा अवघड उदाहरणं दिली. मुलं एकमेकांना समजावत सोडवू लागली आणि कॅल्क्युलसचे निकाल सुधारले. तुम्हीही पाच-पाचांचे तीन गट करा, दोन तासांना सहा उदाहरणं. बीजगणिताची गाठ त्या उदाहरणातच येऊ द्या, तिथेच सोडवा. फळ्यावर आधी मुलं, तुम्ही शेवटी. आणि व्हॉट्सॲप ग्रुपला ‘कच्चे विद्यार्थी’ असलं नाव चुकूनही देऊ नका.